कुत्र्याची जात आणि धन्याची जबाबदारी



व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे कुत्र्याचा विषय वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी विचारले, "का हो, कामगारांचे प्रश्न संपले वाटते?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर थट्टेचे नाही. पहाटेच्या पाळीला सायकलवरून निघालेला कामगार, दूध घालणारा गवळी, वर्तमानपत्रे टाकणारी पोरे, टपाल वाटणारा, रस्ता झाडणाऱ्या बाया, कचरा वेचणारी मुले, यांची कुत्र्याच्या दातांशी गाठ प्रथम पडते. मोटारीच्या काचेआड बसणाराची क्वचितच पडते. तेव्हा आम्ही आमचा नेहमीचा विषय सोडून फार लांब आलो आहोत असे नाही.

आम्ही पशुवैद्य नव्हे. कोणत्या कुत्र्याला काय खाऊ घालावे, हे आम्ही सांगणार नाही. आम्हांस एवढाच प्रश्न पडला आहे की, कुत्रा चावला म्हणजे दोष कोणाचा? कुत्र्याचा, त्याच्या जातीचा, की धन्याचा? या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या समाजाने गेल्या दोनशे वर्षांत काय काय केले, त्याचा थोडा इतिहास आज मांडावयाचा आहे.

आपल्या परंपरेत कुत्र्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात आणि आपण त्यांना चार वेद म्हणतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जाण्याचे नाकारले. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आजही दाखवितात. आणि इतके असूनही एखाद्याला हिणवावयाचे झाले तर आपल्या तोंडी पहिला शब्द 'कुत्रा' हाच येतो. वाईट मरणाला आपण कुत्र्याची मौत म्हणतो. पूजा आणि दगड या दोहोंच्या मधली जी गोष्ट, म्हणजे रोजची देखभाल, तिच्यासाठी मात्र आपल्यापाशी म्हण नाही.

ही देखभाल कोठेच नव्हती असे मात्र नाही. खानदेशातील जुना कामकरी कुत्रा पाहावयाचा असेल तर बंगल्यांच्या वसाहतीत जाऊ नये. साक्री-शिंदखेड्याकडील ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर जावे. पावसाळा सरला की हे लोक मेंढरे घेऊन बाहेर पडतात. शेतात मेंढरे बसवतात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोकड घेतात. त्यांचा कुत्रा पिलू असल्यापासून मेंढरांत वाढतो. रात्री तो कळपाच्या कडेला पडून राहतो आणि लांडग्याची चाहूल लागली की भुंकून माणसाला उठवतो. भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपण म्हणतो. मेंढपाळाच्या कुत्र्याचे ते कामच आहे. त्याने भुंकावे आणि पुढचे धन्याने काठी घेऊन पाहावे, अशी ही वाटणी आहे.

दुसरा कुत्रा बंजाऱ्यांचा. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून देशभर वाहणारे तांडे या मुलखातून जात. त्यांच्या मालाची राखण कुत्री करीत. दक्षिणेत ज्याला कारवानी म्हणतात, तो लांब पायांचा, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा याच भटक्या जीवनातला. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निगराणीने पैदास केली आणि इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना त्याची जोडी भेट दिली. तेव्हापासून त्याला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीटही काढले. तिसरा कुत्रा सातपुड्यातील भिल्ल-पावऱ्यांचा. तेथे घरे एकमेकांना खेटून नसतात. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात. म्हणून घरटी कुत्रा लागतो.

आणि चौथा म्हणजे आपला साधा गावचा कुत्रा. त्याला एक धनी नव्हता हे खरे. पण दहा घरांची चतकोर भाकरी त्याच्या वाट्याची होती आणि त्या दहा घरांतील माणसे तो वासाने ओळखी. या चौघांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाला काम होते, प्रत्येकाला आपली माणसे ठाऊक होती, आणि त्यांपैकी कोणी आठ प्रहर साखळीला बांधलेला नव्हता. चावण्याचे प्रसंग त्या काळीही येत. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय तर फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत अलर्कविषाचे वर्णन आहे आणि रोग्याला पाण्याची धास्ती वाटू लागली, म्हणजे जलत्रास झाला, की तो वाचत नाही, असे तेथे सांगितले आहे. परंतु कुत्रा कोणाचा, हे त्या काळी बहुधा गावाला ठाऊक असे.

शहर वाढले आणि ही ओळख तुटली. तिचा पहिला मोठा भडका मुंबईत उडाला. कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत उन्हाळ्याच्या ठराविक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम असे. आठ आणे ही त्या काळी गरीब शिपायाला लहान रक्कम नव्हती. मोकाट कुत्रे शोधीत हिंडण्यापेक्षा दारातले कुत्रे उचलणे सोपे, हे शिपायांच्या लवकरच ध्यानात आले, आणि घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. मृताच्या अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा विधी असतो. ६ जून १८३२ रोजी पारशांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, कोटातील दुकाने बंद झाली. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. लष्कराकडे जाणारे खाण्यापिण्याचे सामान अडविण्यात आले आणि अखेर सरकारला फौज बोलवावी लागली.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना या हकीकतीत विशेष गोडी वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांची सभा भरविली ती १८८४ मध्ये. त्यापूर्वी ५२ वर्षे त्याच शहरात कडकडीत हरताळ पडला, आणि तो कुत्र्यांसाठी! पुढे शेटमंडळींनी अर्ज केले, कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड निघाली आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

तथापि या लढ्यातून एक गोष्ट निसटली. सरकार दर डोई आठ आणे मोजीत होते आणि लोक कुत्र्याचा जीव वाचवीत होते. कुत्रा ज्याचा आहे त्याने काय करावे, हे कोणीच विचारले नाही. तो प्रश्न पुढे १८६० च्या दंडसंहितेने विचारला. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, असे कलम २८९ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तेच कलम २९१ झाले असून दंडाची मर्यादा एक हजारावरून पाच हजार रुपयांवर गेली आहे. म्हणजे धन्याची जबाबदारी कायद्यात दीडशेहून अधिक वर्षे लिहिलेली आहे. ती व्यवहारात का उतरली नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता विलायती जातींकडे वळू. आज ज्यांना आपण अस्सल जाती म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांचे वय दीडशे वर्षांच्या आतबाहेरचे आहे. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. त्यानंतर कुत्र्यांच्या वंशावळी छापील वहीत नोंदविल्या जाऊ लागल्या. जर्मनीत आपोल्डा नावाच्या गावी डोबरमान नावाचे गृहस्थ होते. ते करवसुली करीत आणि मोकाट कुत्र्यांच्या कोंडवाड्याशीही त्यांचा संबंध होता. वसुलीला जाताना बरोबर दरारा असावा म्हणून त्यांनी ज्या कुत्र्याची पैदास केली, त्याला आज त्यांचेच नाव आहे. १८९९ मध्ये फोन स्टेफानिट्झ यांनी मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून जर्मन शेफर्ड ही जात बांधली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन हे नाव इंग्रजांना नकोसे झाले, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन म्हटले. आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. इंग्लंडात १८३५ च्या कायद्याने बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांची आपसांत झुंज लावण्यास आरंभ केला आणि त्या झुंजींतून बुल-टेरियर जातीची कुत्री पुढे आली. वसुली, मेंढ्या, झुंज! कुत्र्याची जात म्हणजे त्याच्या धन्याने त्याला नेमून दिलेल्या कामाचा इतिहासच होय.

ही कुत्री आपल्याकडे प्रथम साहेबांबरोबर आली आणि मग संपत्तीच्या मागोमाग फिरली. खानदेशात कापसाने पैसा आला. अमेरिकेतील यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, येथील कापसाला भाव चढला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला आली. पुढे जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे गिरण्या निघाल्या, गावोगाव जिनिंगचे कारखाने उभे राहिले. जेथे रुईच्या गाठींची थप्पी, तेथे तारेचे कुंपण; जेथे कुंपण, तेथे पहारेकरी; आणि पहारेकऱ्याच्या जोडीला 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी. ती पाटी वाचता न येणाराच बहुधा त्या फाटकातून आत जात असे.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या व्याख्यानाचे मूळ तीत आहे. १९९० नंतरच्या दशकात आम्ही संघटनेच्या कामात नवे होतो. खानदेशातील एका जिनिंग कारखान्यात एक अल्सेशियन होता. दिवसभर तो पत्र्याच्या आडोशाला बांधलेला असे. खानदेशचा वैशाख कसा असतो हे आपणांस सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि पत्रा हात लावू देत नाही. रात्री दहाला त्याला मोकळा सोडीत. मालकाखेरीज कोणी त्याला हात लावू नये, कोणी खाऊ घालू नये, असा हुकूम होता. 'माणसाळला की निकामी होतो' ही त्यामागची समजूत. एका रात्री सरकीची पोती वाहून परत येणाऱ्या एका हमालाच्या पोटरीचा लचका त्याने तोडला.

सकाळी फाटकावर सभा झाली. आम्ही बोललो, आणि जोरात बोललो. जमाव चिडलेला होता. कुत्रा मारा, अशी मागणी झाली आणि ती आम्हीच उचलून धरली. व्यवस्थापनाने ती पाच मिनिटांत मान्य केली. आमच्या कारकिर्दीत इतक्या लवकर मान्य झालेली दुसरी मागणी आम्हांस आठवत नाही! लाठ्या घेऊन माणसे गेली. साखळीला बांधलेलाच होता तो, पळणार कोठे? आम्ही विजयाच्या घोषणा दिल्या.

दुपारी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कुत्रा कोठे आहे?" चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत पिसाळीचे विष नव्हते, असे ठरते. आमचा साक्षीदार आम्हीच मारून टाकला होता. त्याला कधी लस टोचली होती की नाही, याचा कागद कारखान्यात कोणापाशी नव्हता. तेव्हा त्या हमालाला पोटात चौदा इंजेक्शने, रोज एक, पुरी घ्यावी लागली. पाश्चरने १८८५ मध्ये पहिली लस टोचली, कसौलीस १९०० मध्ये आपली पाश्चर संस्था निघाली आणि १९११ मध्ये तेथेच सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनविली. तीच ही पोटातली इंजेक्शने. २००५ च्या सुमारास ती आपल्या देशात बंद होऊन दंडात टोचावयाची नवी लस सर्वत्र आली. त्या हमालाचे ते चौदा दिवस आणि चौदा रात्री कशा गेल्या असतील! पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना तो दर वेळी थांबे. पाणी गिळता येते आहे ना, हे पाही. रोजंदारी बुडाली ती निराळीच. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई त्या वेळच्या १९२३ च्या कायद्याने मागता आली असती. आम्ही ती मागितली नाही. कुत्रा मेला, प्रश्न मिटला, असे आम्हांसही वाटले. महिन्याभराने त्याच साखळीला दुसरे पिलू बांधलेले आम्ही पाहिले.

त्या दिवशी आम्ही फार स्वस्तात तडजोड केली. ज्याने साखळी घातली, उन्हात बांधले, माणसापासून तोडले, लस टोचली नाही, त्याला आम्ही एक प्रश्नही विचारला नाही. हमाल बचावला, हे नशीब. आमचे शहाणपण नव्हे.

आज तीच चूक देशाच्या पातळीवर होताना दिसते, म्हणून हे सांगितले. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा २३ जाती उग्र ठरवून त्यांच्या आयातीवर आणि पैदाशीवर बंदी घालण्याविषयी राज्यांना लिहिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. इंग्लंडने १९९१ मध्ये चार जातींवर बंदी घातली. चावे थांबले नाहीत, आणि २०२३ अखेर एक्सएल बुली ही पाचवी जात त्या यादीत घालावी लागली. नेदरलँड्सने १९९३ मध्ये घातलेली बंदी २००८ मध्ये मागे घेण्याचे ठरविले, कारण चाव्यांची संख्या तिने घटली नाही. २०२२ मध्ये अठरा हजारांवर कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे ९ टक्केच जातीने उलगडतो, असे त्यात आढळले.

जातीवरून गुणदोष ठरविण्याची आपली खोड जुनी आहे. माणसांच्या बाबतीत तिने केलेला अनर्थ आपण पाहिला आहे. पण म्हणून जातीला काहीच अर्थ नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. पॉमेरेनियन चावला तर ओरखडा उठेल, रॉटवायलर चावला तर हाड मोडेल. अंगात बळ जितके अधिक, तितकी धन्याची जबाबदारी अधिक. ट्रक चालविणाऱ्याला सायकलस्वारापेक्षा कडक परवाना लागतो. तोच न्याय येथे लावला पाहिजे.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. मुंबईची महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारीत असे. कुत्री संपली नाहीत. पुढे २००१ च्या नियमांनी नसबंदी आणि लस हा मार्ग घालून दिला, २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतील कुत्री उचलून आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला त्यात बदल केला. नसबंदी व लस झालेली कुत्री जागच्या जागी परत सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्री हलविण्याचा आदेश निघाला. त्यावर देशात दोन तट पडले. पुन्हा एकदा १८३२ सारखेच, एका बाजूला मारा-उचला आणि दुसऱ्या बाजूला वाचवा!

मधला मार्ग आपल्या शेजारीच घालून दिलेला आहे. गोव्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकविले, संशयित कुत्र्यांवर पाळत ठेवली. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांत तेथे एकही माणूस रेबीजने दगावला नाही. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. जगात या रोगाने वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे मरतात, असा अंदाज आहे आणि त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशात. बळी पडणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचा वाटा फार मोठा आहे. रोग एकदा उमटला की उपाय नाही. उमटण्यापूर्वी मात्र उपाय आहे आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत. तारखा चुकतात त्या बहुधा रोज बुडतो म्हणून. यासाठी भरपगारी सुटीची मागणी प्रत्येक संघटनेने मागणीपत्रकात घातली पाहिजे.

आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांच्याशी दोन शब्द. कुत्रा आणताना तो चैनीची वस्तू म्हणून आणू नये. दहा-बारा वर्षांची नोकरी पत्करतो आहोत असे समजावे. दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत पिलाला घरची-बाहेरची माणसे, मुले, सायकली, गणवेश, काठी टेकीत येणारे म्हातारे, हे सारे भीतीवाचून पाहू द्यावे. याच वयात त्याचा स्वभाव घडतो. दरवर्षी लस टोचावी आणि तिचा कागद जपून ठेवावा. नगरपालिकेत नोंद करावी. रस्त्यावर नेताना दोरी हातात असावी. घरी मात्र सतत साखळी नसावी. सदा बांधलेला, एकटा, उन्हात टाकलेला कुत्रा शेवटी चावावयास शिकतो, आणि शिकविणारे आपणच असतो. कंटाळा आला म्हणून त्याला गाडीत घालून दुसऱ्या वसाहतीत सोडून येणारे सद्गृहस्थ आपल्या गावात आहेत. त्यांनी त्या वसाहतीतील मुलांचा विचार करावा.

आम्ही आयुष्यभर मालकांपुढे एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत बोलत आलो की, ज्याच्या कामासाठी जोखीम उभी राहते, तिचा भार त्यानेच उचलला पाहिजे. कुत्र्याच्या बाबतीत हे वाक्य आम्ही त्या सकाळी फाटकावर बोलावयास हवे होते. तेव्हा सुचले नाही. म्हणून आज आपल्यापुढे बोललो.